धबधब्याकाठचे अंबादास मामा

अंबादास मामांनी मला वरची खोली देताना एकच अट घातली. मिशी कापायची.

मी तेव्हा करमाळ्याहून नुकताच सोलापुरात आलो होतो. शाळेत शिक्षकाची नोकरी लागली होती. ओठ पुरते झाकणारी, टोकं खाली उतरलेली मिशी ही त्या वयातली माझी एकमेव ऐट होती. खोलीचं कळलं म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाळा सांगितली. मामा माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. मग आतल्या बाजूला वळले आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माणूस बरा दिसतोय. पण काय बोलतोय ते सगळं झुडपाआड ऱ्हातंय की!"

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. हसून म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही. ओठ बघून समजतं त्यांना. तेवढी मिशी बारीक करा, खोली तुमची."

मी त्याच संध्याकाळी मिशी कातरली. दुसऱ्या दिवशी सामान आणलं. पुढे अकरा वर्षं मी त्या घरात राहिलो.

मामा टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. एका छपराखाली पन्नास-साठ माग एकदम चालत असले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. मामांनी त्या आवाजात पस्तीस वर्षं काढली. कान कधी गेले हे त्यांना नेमकं सांगता येत नसे. "कारखान्यात कुनालाच ऐकू येत न्हाय. तितं सगळे हातानं आन् ओठानं बोलतात. मला वाटायचं आपलं चाललंय की बरोबर. एकदा घरी आलो, तर ही तोंड हलवायली आन् आवाजच न्हाय. म्हनलं, कारखाना घरात आला काय?"

हे ते हसत सांगत. मामी त्या वेळी हसत नसत.

ओठ वाचायची कला ते कारखान्यातच शिकले होते. घरात तेलगू, गल्लीत मराठी आणि कारखान्यात निम्मे लोक दखनी उर्दू बोलणारे, असं असल्यामुळे तिन्ही भाषा त्यांना डोळ्यांनी समजत. त्यातही त्यांची मतं ठरलेली होती. मराठी माणूस तोंड उघडून बोलतो, त्यामुळे सोपा. तेलगू बोलताना माणूस निम्मे शब्द आत ठेवतो. आणि पान खाणारा माणूस कुठल्याही भाषेत बोलला तरी कामाचा नाही. कुणी बोलता बोलता मान फिरवली की ते हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवत. आमच्या मुख्याध्यापकांचंही त्यांनी एकदा असंच वळवलं होतं. मुख्याध्यापक माझी खोली बघायला आले होते. ते इतके दचकले, की पुढचा सगळा वेळ विद्यार्थ्यासारखे सरळ बसून एकेक शब्द सुटा सुटा बोलले.

त्यांच्या स्वतःच्या आवाजाला मात्र धरबंध नव्हता. आपण केवढ्यानं बोलतोय हे त्यांना कळतच नसे. कुणाला गुपित सांगायचं असलं की ते त्याला कोपऱ्यात घेत, कानाजवळ तोंड नेत, आणि ते गुपित अख्ख्या गल्लीला कळे. गल्लीतली माणसं याला हसत. काही जण मुद्दाम नको ते विचारत आणि मामांनी ओरडून दिलेलं उत्तर ऐकायला कट्ट्यावर जमत.

आणि तीच माणसं पाण्याची मोटार बिघडली की त्यांच्याकडे येत. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की घरोघरच्या मोटारी सुरू होत. त्या दिवशी मामा बनियनवर गल्लीतून फिरत आणि प्रत्येकाच्या मोटारीवर तळहात ठेवत. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. मग म्हणत, "हिचं बेअरिंग चाललंय. आठ दिवस काढील." आठ दिवसांनी ती मोटार बंद पडायची. हाताला कळणारं त्यांना सगळं कळत होतं.

मामींची त्यांना हाक मारायची पद्धत वेगळी होती. दुपारी त्या ओसरीवर शेंगा फोडत बसत. मामा अंगणात पाठमोरे काहीतरी खोलून बसलेले असत. बोलवायचं असलं की मामी एक शेंग त्यांच्या पाठीवर फेकून मारत. मामा ती शेंग उचलत, फोडून दाणे तोंडात टाकत आणि मग वळत. "अवुना?" असं विचारत. म्हणजे, 'असं का?' अजून मामींनी काही सांगितलेलंही नसे. वरच्या कठड्यावरून मी हे कितीदा तरी पाहिलं असेल.

माझ्या तिसऱ्या वर्षी मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मामांनी अंगणात पाठमोरं बसणं सोडलं. ते भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसू लागले. कुणी आलं तर दिसावं म्हणून.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या डोंगराबद्दल.

वर्षातून एकदा, पाऊस सरला की, मामा एकटे सह्याद्रीत जात. सांगलीच्या पुढे, शिराळ्यावरून आत गेलं की कड्याला लागून एक राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात ते बंद असतं. पाऊस ओसरल्यावर उघडतं, आणि पहिल्या आठवड्यात तिथले धबधबे अजून भरलेले असतात. त्या आठवड्यात मामा तिथे असायचेच. पिशवीत कडक भाकरी, शेंगांची चटणी, एक चादर. सोलापूरहून सांगलीची पहाटेची एसटी धरायची. मामी होत्या तेव्हा त्यांनी भाकरी बांधून द्यायची आणि मामांनी दोन दिवसांत परत यायचं, असा रिवाज होता. मामींना बस लागायची, म्हणून त्या कधी गेल्या नाहीत.

गल्लीला याचं नवल वाटे. देवाला जावं, लेकीकडे जावं. बहिऱ्या म्हाताऱ्यानं एकट्यानं जंगलात कशाला जावं?

मीही एकदा विचारलं. मामांनी मला समोर बसवलं आणि पहिल्या वेळची हकीकत सांगितली. कारखान्याची सहल गेली होती. सगळे कामगार मनोऱ्यावर चढले, फोटो काढले, नाश्ता केला, आणि शेवटी चालत धबधब्यापाशी गेले.

"तितं पाणी असं पडतंय सर, की जमीन हालतीय. पायातनं हितपर्यंत येतंय," त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी बगितलं, तर सगळे हात हालवायलेत. आमचा मॅनेजर तोंड फाडून वरडायलाय आन् शिपाई म्हनतोय, काय? काय? एकाचं दुसऱ्याला कळंना. तितं सगळेच बहिरे! मलाच तेवढं सगळ्यांचं कळायलंय. कोन काय म्हनतंय, सगळं. मी इतका हसलो, इतका हसलो, की लोकांना वाटलं म्हाताऱ्याला वारं लागलं."

मग म्हणाले, "एक दिवस. वर्षातला एक दिवस तरी पायजे की न्हाय?"

मी मान डोलावली. तेव्हा मला ते एका विक्षिप्त माणसाचं वेड वाटलं होतं, एवढंच.

मामी गेल्यानंतर पुण्याहून पद्मा, त्यांची एकुलती एक मुलगी, दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागली. नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, पुण्यात राहायला यावं असा तिचा आग्रह होता. मामा विषय टाळत. एका खेपेला तिनं कानाचं नवीन यंत्र आणलं. कानामागे बसणारं, बोराच्या बीएवढं. डॉक्टरांनी आधीच तपासून सांगितलं होतं की थोडंफार ऐकू येईल.

यंत्र बसवलं तेव्हा मी तिथे होतो. मामांनी मान तिरकी केली. मग हळूच म्हणाले, "हे काय वाजायलंय?" पंखा होता. मग भांडं वाजलं, तसे ते दचकले. रस्त्यावरून रिक्षा गेली, त्यांनी कान झाकले. पद्मा समोर बसून म्हणाली, "नान्ना, माझा आवाज येतोय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा म्हणाले, "लहानपनी वेगळा हुता."

दोन दिवस त्यांनी ते यंत्र नेटानं वापरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे वर आले. हातात पद्माच्या लग्नाची सीडी होती. माझ्याकडे कॉम्प्युटर होता.

"ह्यात ती हाय," म्हणाले. "एका ठिकाणी बोलती. मला म्हाईत हाय कुटं."

आम्ही ती सीडी लावली. मामा पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. हळद झाली, वरात झाली, अक्षता झाल्या. मग जेवणाच्या पंगतीत मामी दिसल्या. हिरव्या साडीत, कपाळावर घाम, हातात वाढायचं भांडं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसून काहीतरी म्हणाल्या. पण मागे बँड वाजत होता. त्या बँडशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. मी आवाज कमी-जास्त करून पाहिला. मागे नेऊन पुन्हा लावलं. सात-आठ वेळा लावलं असेल. प्रत्येक वेळी मामी हसत, त्यांचे ओठ हलत, आणि बँड वाजत राही.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

"'जेवलात का' म्हनतीय," मामा म्हणाले. "ते तर मला आधीच म्हाईत हाय. आवाज कसा हुता ते बगायचं हुतं."

त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या टेबलावर ठेवून खाली गेले. मी ती नंतर पद्माला दिली.

त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मामा नेहमीसारखे उद्यानात गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा कोपर सोललेलं होतं. विचारलं तर म्हणाले, घसरलो. पण त्यांना खोटं बोलता येत नसे, कारण खोटंही ते मोठ्यानंच बोलत आणि त्यांचं त्यांनाच हसू येई. शेवटी सगळं बाहेर आलं. पायवाटेवर ते एकटेच पुढे गेले होते. मागे गवा उभा होता, रानरेड्याएवढा, दहा पावलांवर. वाटाड्या मागून ओरडत होता. मामांना काय पत्ता! ते निवांत फुलं बघत उभे. अखेर वाटाड्यानं झुडपातून आडवं धावत येऊन त्यांना ओढलं आणि दोघेही खडकावर आदळले. गवा त्याच्या वाटेनं निघून गेला. पण उद्यानाच्या नाक्यावर त्यांना बजावून सांगण्यात आलं, की इथून पुढं सोबत कुणी असल्याशिवाय आत सोडणार नाही. त्यात त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं.

वर्षभर मामा त्याबद्दल बोलले नाहीत. पाऊस सरत आला तसे एका रविवारी वर आले, माझ्या दारात उभे राहिले आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागले. शेवटी म्हणाले, "सर, तुमाला धबधबा बगायचा हाय काय?"

मी गेलो. सांगलीपर्यंत एसटी, तिथून शिराळा, तिथून वडापची, माणशी भाडं घेणारी जीप. उद्यानाजवळच्या गावात मुक्काम केला आणि सकाळी नाक्यावर हजर झालो. वाटाड्या तोच होता, शंकर नावाचा, तिशीतला, हसरा. मामांना बघून त्यानं वाकून नमस्कार केला. मामांनी त्याच्या हातात भाकरी-चटणीचं पुडकं ठेवलं.

"आज गवा न्हाई ना हो बोलावला?" शंकर त्यांच्यासमोर येऊन म्हणाला.

"आज मास्तर आणलाय," मामा गरजले. झाडावरचे दोन पक्षी उडाले.

मी डोंगर पाहिले नव्हते असं नाही, पण असे पाहिले नव्हते. करमाळ्याचा माणूस, नजर जाईल तिथवर सपाट रान बघत वाढलेला. इथे एकेक वळण घेतलं की हिरवा कडा अंगावर यायचा. मनोऱ्यावर चढलो तर खाली ढग होते, दरी दिसतच नव्हती. मामा कठड्याला धरून उभे होते. मला वाटलं होतं, ते खूश असतील. पण ते गप्प होते. सगळा वेळ शंकरच बोलत होता. हे झाड कुठलं, शेकरूचं घरटं कसं असतं, पलीकडच्या धारेवरून कोकण कसं दिसतं. तो बोलताना दरीकडे बघायचा, त्यामुळे मामांना काही कळत नव्हतं. त्यांनी त्याची हनुवटी धरली नाही. परक्या जागी त्यांना ते जमत नसावं. तेव्हा मला समजलं की या सगळ्या खेपांत, बसमध्ये, जीपमध्ये, मनोऱ्यावर, हा माणूस असाच गप्प उभा राहिला असणार.

तासभर चालल्यावर आधी पायांना कळलं आणि मग कानांना. झाडी संपली आणि समोर पाणी होतं. कड्यावरून तीन टप्प्यांत उतरून खालच्या डोहात कोसळणारं. तुषारांनी कपडे ओले झाले. मी शंकरला काहीतरी विचारलं. त्यानं कानावर हात ठेवला. मी पुन्हा ओरडलो. त्यानं हात हलवले. आणि मामा माझ्याकडे बघून हसले. त्यांनी आपल्या त्या आवाजात शंकरला सांगितलं, "ते विचारायलेत, डोह किती खोल हाय!" शंकरनं ते ऐकलं, उत्तर दिलं. मला काही ऐकू आलं नाही. मामांनी सांगितलं, "दोन पुरुष खोल."

तिथे आणखी वीसेक माणसं होती. कॉलेजातली पोरं-पोरी, एक-दोन कुटुंबं. मामा खडकावर बसले आणि मला सगळ्यांचं बोलणं सांगू लागले. ती पोरगी मैत्रिणीला म्हणतेय, बूट चावतोय. तो चश्मेवाला म्हणतोय, मोबाइल भिजला. ते जोडपं भांडतंय, सासूवरून. मी हसत होतो. मामांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. मागांच्या मधून फिरणारा, सगळे ज्याची वाट बघतात तो जॉबर कसा दिसत असेल, ते मला त्या दिवशी दिसलं.

आणि मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

डोहाच्या पलीकडे, खडकांवरून पाय टाकत गेलेली एक बाई उभी होती. पिवळा पंजाबी ड्रेस. नवरा अलीकडच्या काठावरून मोबाइलवर तिचं शूटिंग करत होता. बाई हात हलवत होती. नवराही हसून हात हलवत होता.

"ती हसत न्हाय," मामा म्हणाले. "पाय म्हनतीय. पाय अडकला म्हनतीय. पानी चढायलंय म्हनतीय."

मी उठेपर्यंत मामा उभे राहिले होते. "शंकर!" त्यांनी हाक मारली. गल्लीत ज्या आवाजाला लोक हसायचे तो आवाज त्या पाण्याच्या वर चढला. पलीकडच्या काठावरच्या माणसांनीही माना वळवल्या. "बाईचा पाय अडकलाय! पिवळ्या कपड्यातल्या! पाण्यात हाय पाय!"

शंकर धावला. दोन कॉलेजची पोरं त्याच्या मागे गेली. वरच्या बाजूला पाऊस झाला असावा, कारण पाणी खरंच चढलं होतं. बाईच्या गुडघ्याला लागलं होतं. दगड हलवून पाय सोडवायला बराच वेळ गेला. ते तिला धरून अलीकडे आणेपर्यंत ती उभी होती तो खडक पाण्याखाली गेला होता. नवरा अजून मोबाइल हातात धरूनच उभा होता.

तिला जरा लांब, आवाज कमी होतो तिथे बसवलं. घोटा सुजला होता. शंकरनं मामांकडे बोट दाखवलं तशी तिनं मामांचा हात धरला आणि मान खाली घालून रडत रडत काहीतरी बोलली.

"तोंड इकडं करून बोला, ताई," मामा म्हणाले.

तिनं वर बघितलं. "एवढ्या आवाजात तुम्हाला ऐकू कसं आलं, काका?"

"ऐकलं कुटं? मला ऐकूच येत न्हाय."



परतीच्या वाटेवर मामा माझ्या पुढे चालत होते. मनोऱ्यापाशी आलो तेव्हा ढग उठले होते, दरी तळापर्यंत दिसत होती. मामा पायरीवर बसले. मला वाटलं ते त्या बाईबद्दल काही बोलतील. पण ते म्हणाले, "तिला एकदा आणायला पायजे हुतं. बस लागती म्हनून न्हाय आणली. उलटी झाली असती, दुसरं काय झालं असतं?"

मी काही बोललो असतो तरी ते दरीकडे बघत होते.

निघताना शंकरनं माझा फोन नंबर घेतला. मी मामांना म्हणालो, "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ." ते त्यांनी नीट वाचलं. खात्री करायला मला पुन्हा म्हणायला लावलं.

पुढच्या वर्षी मी गेलो नाही.

शाळेत पेपर तपासायचे होते, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण गठ्ठे दोन दिवस थांबले असते. खरं कारण कंटाळा. सुट्टीचे चार दिवस मिळालेले, त्यात एवढा एसटीचा प्रवास, परक्या गावातला मुक्काम, सारखं समोर तोंड धरून बोलणं. नको वाटलं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. मी बगतो." दोन दिवसांनी ते पिशवी घेऊन पहाटे निघून गेले आणि ठरल्याप्रमाणे परतले. मी जिन्यातच विचारलं, "कसं होतं?"

"लई पाणी हुतं," मामा म्हणाले. आणि ते हळू बोलले. त्यांच्या त्या आवाजात नाही. मी तेव्हा दमलेत असं समजलो.

त्याच संध्याकाळी शंकरचा फोन आला.

"सर, मामा पोचले का घरी?"

"पोचले. का?"

"न्हाई, काळजी वाटली. काल सकाळपासनं नाक्यावर बसून हुते. मागनं सर येतायत म्हनले. बाकड्यावर बसले ते बसले. दुपारी मी म्हनलं, सरांना फोन लावतो, तर नको म्हनले, सर वाटेत हायत, बसमधी असतील. नाका बंद व्हायच्या वक्ताला उठले आन् म्हनले, सरांना काम निघालं असंल. साहेबांना मी लई विनवलं, पर एकट्याला सोडता येत न्हाई हो. तुमी यायला पायजे हुतं सर."

मी फोन ठेवला. खाली मामा भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसले होते. मी जिन्यावरून त्यांच्याकडे बघत राहिलो. खाली उतरून समोर बसायला हवं होतं. बसलो नाही. मला कळलंय हे त्यांना कळू नये, असं मी स्वतःला समजावलं. त्यांची लाज राखतोय असं. राखत होतो ती माझी.

त्यानंतर त्यांनी मला डोंगराचं विचारलं नाही. त्यांचे गुडघे धरले. मोटारींवर हात ठेवत फिरणंही कमी झालं. पुढच्या पावसाळ्यानंतर मी एकदा आपण होऊन म्हणालो, "मामा, जाऊ या का?" ते म्हणाले, "आता चढवत न्हाय, सर." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून.

शेवटी पद्माच्याच मनासारखं झालं. ती घर रिकामं करायचं सगळं ठरवून गेली, मी शाळेजवळ दुसरी खोली पाहिली, आणि एका सकाळी ती मामांना न्यायला गाडी घेऊन आली. पुण्यात ते दोनेक वर्षं राहिले. मी दोनदा जाईन म्हटलं आणि गेलो नाही. गेल्या महिन्यात पद्माचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. तिला बोलायचं होतं, आम्ही बराच वेळ बोललो. तिथे ते कुणाशी फारसे बोलत नसत, असं तिनं सांगितलं. सोसायटीतली माणसं चांगली होती, पण सगळी चालता चालता बोलायची.

मला मात्र सारखी ती निघायची सकाळ आठवते. आदल्या संध्याकाळी आमचा निरोप झाला होता. त्यांनी मला स्वतःच्या हाताचा चहा पाजला, मी पाया पडलो. जे सांगायचं ते मी तेव्हाही सांगितलं नाही. सकाळी कपडे करताना मात्र मनाशी ठरवलं, की आज सांगायचं. नाक्यावरचं मला माहीत आहे, चुकलं माझं, एवढंच.

मी खाली आलो तेव्हा घर उघडं आणि रिकामं होतं. गल्ली अरुंद, गाडी आत येत नसे, म्हणून ती रस्त्यावर उभी होती. पद्मा सामान घेऊन पुढे गेली होती. मामा गल्लीच्या मध्यापर्यंत पोचले होते. पांढरा सदरा, धोतर, एक हात भिंतीला लावून सावकाश चालत होते.

"मामा!" मी हाक मारली.

नळावरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. दाढी करणारा शेजारी साबणाच्या तोंडानं खिडकीत आला. मी पुन्हा, जास्त मोठ्यानं हाक मारली, "मामा!" समोरच्या घरातलं पोर रडायला लागलं.

धावलो असतो तर वीस पावलांत गाठलं असतं. मी उभाच राहिलो. मामा रस्त्यापर्यंत पोचले. पद्मानं दार उघडून धरलं होतं. त्यांनी आधी चपला काढल्या, कुणाच्या घरात शिरताना काढाव्यात तशा, मग तिनं काहीतरी सांगितलं तेव्हा पुन्हा घातल्या, आणि वाकून आत बसले.